चार तारांची एक तार

‘कल्पना’ हे आपल्याकडे मुलीचे नाव. शाळेच्या हजेरीपटावर दर दोन वर्गांत एखादी तरी असायची. याच नावाची एक कंपनी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅलीत १९८०-९० च्या दशकांत होऊन गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे दोन संस्थापक. भारद्वाज भारतीय वंशाचे. पत्नीचे नाव त्यांनी कंपनीला दिले. १९९० साली या कंपनीने ‘इथरस्विच’ नावाचे सात पोर्टांचे एक यंत्र बाजारात आणले. आज कार्यालयात, दवाखान्यात, कॉलेजच्या लॅबमध्ये भिंतीवरच्या पेटीत हिरवे दिवे लुकलुकवणारा जो स्विच दिसतो, त्याचा हा पूर्वज.

स्विच येण्याआधी इथरनेटचा कारभार सामायिक होता. एक तार, तिला लागलेले अनेक संगणक. एकाने बोलायला सुरुवात केली की बाकीच्यांनी गप्प बसायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया, मग थोडे थांबून पुन्हा प्रयत्न. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ही पद्धत कागदावर मांडली तेव्हा ती पुरेशी होती. १९८३ च्या मानकाने तिचा वेग सेकंदाला १० मेगाबिट ठरवला आणि हे १० मेगाबिट सर्वांनी मिळून वापरायचे होते. इथरस्विचने प्रत्येक संगणकाला त्याची स्वतःची १० मेगाबिटची वाट दिली. आलेल्या फ्रेमवरचा, म्हणजे डेटाच्या पुडक्यावरचा, पत्ता वाचायचा आणि ती नेमक्या त्याच दाराने बाहेर काढायची. तेही पूर्ण फ्रेम आत येण्याची वाट न पाहता, पत्ता कळताच.

एक अडचण सुटली की तिच्या मागे उभी असलेली दुसरी दिसते. एका मजल्यावर एक स्विच, दुसऱ्या मजल्यावर दुसरा, आणि दोघांना जोडणारी तार एकच. वरच्या मजल्यावरच्या सहा जणांना खालच्या सर्व्हरकडे जायचे असेल तर सहांच्या सहा वाटा त्या एका १० मेगाबिटच्या तारेत येऊन मिळणार. १०० मेगाबिटचे इथरनेट मानक म्हणून आले १९९५ मध्ये, गिगाबिट १९९८ मध्ये, १० गिगाबिट २००२ मध्ये. वेग वाढला तो असा दरवेळी दहापटीच्या उडीने, आणि दोन उड्यांच्या मधल्या काळात लोकांची गरज दुप्पट, चौपट होत राहिली. त्या मधल्या काळात करायचे काय?

साधे उत्तर असे की दोन स्विचमध्ये एकाऐवजी चार तारा लावा. पण ते जमत नव्हते. इथरनेटच्या फ्रेमवर ‘इतक्या मुक्कामांनंतर हिला टाकून द्या’ अशी कोणतीही नोंद नसते. दोन स्विचमध्ये दोन तारा लावल्या की वर्तुळ तयार होते. ‘सर्वांसाठी’ म्हणून निघालेली एक फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते, तिच्या प्रती निघत राहतात आणि काही क्षणांत सगळे नेटवर्क ठप्प होते. यावरचा इलाज १९८५ मध्ये डेक कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी दिला. तो ‘स्पॅनिंग ट्री’ या नावाने ओळखला जातो. यंत्रांनी आपापसांत बोलून एक झाड ठरवायचे, आणि त्या झाडात न बसणाऱ्या तारा झोपवून ठेवायच्या. चालू तार तुटली तरच झोपलेली जागी होते. ही बाई नसती तर मोठे इथरनेट उभेच राहिले नसते. पण याच इलाजामुळे चार तारा लावणाऱ्याच्या हाती एकच चालू तार यायची. पैसे चार तारांचे, काम एकीचे.

कल्पना कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यातून एक पळवाट काढली आणि तिला नाव दिले ‘इथरचॅनल’. दोन्ही टोकांच्या स्विचना सांगायचे की या चार तारा म्हणजे एकच दार आहे. स्पॅनिंग ट्रीला एकच तार दिसते, म्हणून ती कुणालाच झोपवत नाही. चारही वाहतात. सर्वांसाठीची फ्रेम चौघींपैकी एकीवरूनच जाते आणि पलीकडचा स्विच ती उरलेल्या तिघींवरून परत पाठवत नाही, म्हणून वर्तुळही होत नाही. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. कल्पना हे नाव बाजारातून गेले, इथरचॅनल राहिले.

चार तारांना एक म्हणणे हा कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा अधिक अवघड होता आणि तीस वर्षांनंतरही तो पुरता संपलेला नाही. आलेली फ्रेम चौघींपैकी कोणत्या तारेवर टाकायची?

कुणीही म्हणेल, पाळीपाळीने टाका. पहिली पहिलीवर, दुसरी दुसरीवर, पाचवी पुन्हा पहिलीवर. यापेक्षा समान वाटप कोणते? ज्या वर्षी सिस्कोने कल्पना घेतली त्याच वर्षी, १९९४ मध्ये, नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी नेमके हेच केले. त्यांनी बाजारात मिळणारे १६ साधे ४८६ जातीचे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा स्वस्तातला महासंगणक उभा केला. एका इथरनेटचा वेग त्या संगणकांना पुरत नव्हता, म्हणून त्यांनी दोन इथरनेट जोडीने वापरले आणि पॅकेट आलटून पालटून टाकले. लिनक्समध्ये आजही तारा एकत्र बांधायच्या सोयीला ‘बाँडिंग’ म्हणतात, आणि काही न सांगता सोडले तर ती पाळीपाळीनेच वाटप करते. ही त्या काळाचीच खूण.

मग स्विच बनवणाऱ्यांनी ही सोपी वाट का सोडली? कारण चार तारा सारख्या लांबीच्या असल्या तरी प्रत्येकीच्या तोंडाशी असलेली रांग सारखी नसते. एकीवर मोठी फ्रेम चाललेली असते, दुसरी मोकळी. पाळीने टाकलेली पाचवी फ्रेम चौथीच्या आधी पोहोचू शकते. पत्राची पाने सुटी करून चार पोस्टमनांच्या हाती द्यावीत आणि घरच्यांनी मिळतील त्या क्रमाने वाचावीत, तसा प्रकार.

इथे थोडे मागे जायला हवे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला संपर्क अचानक मंदावला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. हजारावर नव्हे, चाळीसवर! कारण गर्दी झाली की प्रत्येक संगणक हरवलेले पॅकेट घाईघाईने पुन्हा पाठवत होता आणि गर्दीत भर घालत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात त्यावर उपाय मांडले. पॅकेट हरवले असे वाटले की पाठवणाऱ्याने स्वतःचा वेग कमी करावा, हे त्यांचे सार. पुढे त्याला एक नियम जोडला गेला. एकाच पॅकेटपर्यंतची पोचपावती तीन वेळा पुन्हा आली, तर त्याच्या पुढचे पॅकेट हरवले असे समजायचे. आता पाहा, पॅकेट हरवले नसेल, नुसते मागे-पुढे झाले असेल, तरी या नियमाला फरक कळत नाही. तो हरवलेच समजतो आणि वेग कमी करतो. म्हणजे वेग वाढवायला चार तारा लावल्या, पाळीपाळीने समान वाटप केले, आणि त्या समानतेमुळेच वेग पडला.

याला एक उत्तर होते. पॅकेटवर अनुक्रमांक घालायचे आणि पलीकडच्या टोकाला ते लावून घ्यायचे. टेलिफोनच्या तारांवरून जाणाऱ्या मल्टिलिंक पीपीपी या पद्धतीत १९९४ पासून असेच होत होते. आयएसडीएनच्या ६४ हजार बिटच्या दोन वाहिन्या जोडून १ लाख २८ हजार बिट मिळायचे, तेही एकाच संवादाला. पण त्या वेगात आणि स्विचच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक. पलीकडच्या टोकाला फ्रेम थोपवून, मोजून, क्रम लावून पुढे सोडायची तर स्मरणपेटी हवी, वेळ हवा, महागडी चिप हवी. शिवाय इथरनेटच्या फ्रेममध्ये अनुक्रमांकाला जागाच नव्हती.

तेव्हा स्विचवाल्यांनी तिसरी वाट धरली. एका जोडीचा संवाद एकाच तारेवर. टोलनाक्यावर चार रांगा असाव्यात आणि नियम असा असावा की एका वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्या एकाच रांगेतून जातील. वऱ्हाडातली कोणतीही गाडी दुसरीच्या पुढे जाणार नाही. रांगा मात्र सारख्या भरतील याची हमी नाही. एका रांगेत चाळीस गाड्यांचे वऱ्हाड आणि शेजारी नुसते नवरा-नवरी, असेही होऊ शकते.

कोणत्या वऱ्हाडाने कोणती रांग धरायची, हे ठरवायला स्विचजवळ अब्जांश सेकंदांचा वेळ असतो. वही ठेवून नोंद करणे परवडत नाही. म्हणून पत्त्यांवरूनच झटकन हिशेब केला जातो. तारा दोन असतील तर हिशेब इतका सोपा की तोंडी करता यावा. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, अशा दोन्ही पत्त्यांचे शेवटचे आकडे पाहा. दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तर पहिली तार; एक सम आणि एक विषम असेल तर दुसरी. सर्व्हरचा आकडा १२ असेल तर ४ क्रमांकाचा संगणक पहिल्या तारेवर, ७ क्रमांकाचा दुसऱ्या तारेवर, आणि हे कायमचे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतील अनेक स्विच याच पद्धतीने शेवटचे तीन बिट घेत आणि उत्तर शून्य ते सात यांपैकी एका कप्प्यात टाकत. कप्पे आठ. तारा दोन, चार किंवा आठ असतील तर कप्पे सारखे वाटले जातात. तारा तीन असतील तर वाटणी तीन, तीन, दोन. पाच असतील तर दोन, दोन, दोन, एक, एक. म्हणजे चौथी आणि पाचवी तार लावणाऱ्याला पहिल्या तिघींच्या निम्मेच काम त्यांच्याकडून मिळते, अगदी पत्ते छान विखुरलेले असले तरी.

(या ब्लॉगचे काही वाचक आता अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावाची वाट पाहत असतील. ‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या या गणितज्ञाच्या नावावरून आला, हे खरेच आहे. पण स्विचमधला हा सम-विषमाचा हिशेब त्यांचा नाही, आणि तो त्यांच्या खात्यावर जमा करून त्यांचे मोठेपण वाढणारही नाही.)

खरी गंमत, किंवा डोकेदुखी, पुढे आहे. हिशेबाला कोणता पत्ता घ्यायचा? सुरुवातीच्या अनेक स्विचमध्ये, मुद्दाम बदलले नाही तर, फक्त पाठवणाऱ्याचा यंत्रपत्ता घेतला जाई. समजा एका स्विचवर पन्नास संगणक आहेत, दुसऱ्यावर बाहेरच्या जगाकडे नेणारा राऊटर, आणि मध्ये चार तारांचा जुडगा. संगणकांकडून राऊटरकडे जाणारी वाहतूक छान विखुरते, कारण पाठवणारे पन्नास आहेत. परतीच्या वाहतुकीत मात्र सगळ्या फ्रेमवर पाठवणारा म्हणून एकाच राऊटरचा पत्ता असतो. उत्तर दरवेळी एकच, तार दरवेळी एकच. आणि कार्यालयात बाहेर जाते त्यापेक्षा आत येते जास्त. चारपैकी तीन तारा मोकळ्या आणि चौथीवर सगळा भार, तरी सगळ्यांचे हिरवे दिवे चालू! राऊटरच्या बाजूच्या स्विचला घेणाऱ्याचा पत्ता पाहायला सांगितले की भार पसरतो. दोन्ही टोकांनी वेगवेगळा नियम वापरला तरी बिघडत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण प्रत्येक टोक फक्त स्वतः पाठवतो त्याचेच वाटप ठरवते.

इतक्यात बाजारात भाषांचा गोंधळ माजला होता. सिस्को इथरचॅनल म्हणे. इतर काही कंपन्या याच गोष्टीला ट्रंक म्हणत, तर सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे भलतेच काही. सर्व्हरवाले टीमिंग म्हणत, लिनक्सवाले बाँडिंग. शब्दांचे भांडण एक वेळ चालले असते, पण दोन टोके एकमेकांशी बोलून जुडगा बांधतात ती भाषाही ज्याची त्याची होती. सिस्कोची पॅगपी ही खासगी भाषा. एका कंपनीचा स्विच घेतला की पुढचाही तिचाच घ्यायचा, हा त्यातला व्यापार. २००० साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३एडी हे मानक मंजूर केले आणि एलएसीपी ही सर्वांना खुली भाषा दिली. मी या मानकाला इथरनेटच्या इतिहासातले एक शहाणपणाचे पान समजतो, आणि ते त्यात जे लिहिले नाही त्यासाठी. वाटप कोणत्या हिशेबाने करायचे हे त्यात सांगितलेलेच नाही. अटी एवढ्याच की एका संवादातल्या फ्रेमचा क्रम बिघडता कामा नये आणि एकच फ्रेम दोनदा पोहोचता कामा नये. समान वाटपाची अट नाही. समितीने क्रमाला कौल दिला, समानतेला नाही.

क्रमाची काळजी किती, तर एखादा संवाद एका तारेवरून दुसरीवर हलवायचा असेल तर त्यासाठी ‘मार्कर’ नावाची वेगळी फ्रेम ठरवली गेली. जुन्या तारेवरून शेवटी मार्कर पाठवायचा, पलीकडून त्याचे उत्तर आले म्हणजे आधीचे सगळे पोहोचले, मग नव्या तारेवर सुरुवात. २००८ मध्ये हे सगळे ८०२.१एएक्स या वेगळ्या मानकात नेले गेले, आणि २०१४ च्या आवृत्तीत जुडग्याचे एक टोक दोन वेगळ्या यंत्रांत विभागण्याची सोयही आली.

या निर्णयाची किंमत सामान्य माणूस आजही मोजतो. एक गिगाबिटच्या दोन तारा जोडून ‘आता दोन गिगाबिट’ असे सांगून माल विकला जातो. शाळा, छोटी रुग्णालये, सहकारी पतसंस्था हे ऐकून पैसे मोजतात, आणि मग सर्व्हरवरून एक मोठी फाईल उतरवताना वेग एक गिगाबिटच्या वर जात नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजतात. यंत्र ठीक असते. एक फाईल म्हणजे एक संवाद, म्हणजे एक तार. दोन गिगाबिट मिळतात ते अनेकांना मिळून, आणि तेही हिशेबाने साथ दिली तर. खरी मिळकत वेगळी आहे. एक तार उंदराने कुरतडली तरी काम थांबत नाही. तिचे कप्पे उरलेल्या तारांकडे जातात. तारेचा दिवा लागलेला आहे पण पलीकडचे यंत्र मुके झाले आहे, अशा वेळीही एलएसीपी उपयोगी पडते. दोन्ही टोके ठराविक वेळाने एकमेकांना ‘मी आहे’ कळवतात. संथ पद्धतीत दर ३० सेकंदांनी, जलद पद्धतीत दर सेकंदाला. तीन वेळा निरोप चुकला की ती तार जुडग्यातून बाहेर. संथ ठेवले तर ९० सेकंद मुक्या तारेवर डेटा जात राहतो. रुग्णालयाच्या नेटवर्कमध्ये हा आकडा कुणीतरी विचारायला हवा.

पुढे हाच प्रश्न डेटा सेंटरमध्ये गेला. एकच अवाढव्य स्विच घेण्यापेक्षा साधे, सारखे स्विच थरांनी जोडावेत, ही मांडणी मुळात टेलिफोनची. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लोस यांनी १९५३ मध्ये तिचे गणित मांडले होते. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले मोहम्मद अल-फारेस, अलेक्झांडर लुकिसास आणि अमीन वाहदत यांनी दाखवले की ४८ पोर्टांचे बाजारी स्विच अशा रीतीने जोडले तर २७,६४८ संगणक पूर्ण वेगाने एकमेकांशी बोलू शकतात. वाटा अनेक झाल्या, पण वाटप पुन्हा त्याच पत्त्यांच्या हिशेबाने. आणि प्रत्येक थराने तोच हिशेब केला तर वेगळाच घोळ. पहिल्या थराने ‘सारखे’ निघालेले सगळे डावीकडे पाठवले. डावीकडच्या स्विचने तोच प्रश्न विचारला, त्याच्याकडे आलेले सगळे ‘सारखे’च, त्याने पुन्हा सगळे डावीकडेच पाठवले. निम्म्या वाटा रिकाम्या. म्हणून प्रत्येक स्विच हिशेबात स्वतःचा एक वेगळा आकडा मिसळतो.

मोठ्या वऱ्हाडाचा प्रश्न मात्र आकडे मिसळून सुटत नाही. दोन प्रचंड संवाद योगायोगाने एका तारेवर आले की दोघेही रखडतात, शेजारची तार मोकळी असली तरी. अल-फारेस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘हेडेरा’ ही पद्धत मांडली, ज्यात एक केंद्र असे मोठे संवाद हुडकून त्यांना मोकळ्या वाटेवर नेते. दुसरी, मला जास्त आवडलेली कल्पना २००७ ची. श्रीकांत कंदुला, दिना कताबी आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले की कोणताही संवाद अखंड वाहत नाही. पॅकेटचा एक घोळका जातो, मग थोडी फट, मग दुसरा घोळका. दोन वाटांना लागणाऱ्या वेळेतल्या फरकापेक्षा ती फट मोठी असेल, तर दुसरा घोळका बेलाशक वेगळ्या वाटेने पाठवा; तो पहिल्याला गाठूच शकत नाही. क्रमही राहतो, वाटपही सुधारते. ज्यांनी जन्मभर ‘एक संवाद, एक तार’ घोकले होते त्यांच्या नजरेसमोरच ही फट होती. २०१४ मध्ये मोहम्मद अलिजादेह आणि सहकाऱ्यांनी ‘काँगा’ या रचनेत हे स्विचच्या चिपमध्येच बसवले. पुढच्या वाटेवर किती गर्दी आहे हे पाहून घोळक्याची वाट ठरू लागली. कताबी यांचे पहिले शिक्षण दमास्कस विद्यापीठात झाले, अलिजादेह यांचे तेहरानच्या शरीफ विद्यापीठात. दमास्कस आणि तेहरान ही नावे आपल्याकडे बातम्यांत कोणत्या संदर्भात येतात, ते आठवून पाहावे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी जुना तह मोडायला घेतला आहे. तिथे हजारो चिप एकदम, एकाच क्षणी, मोजकेच पण राक्षसी संवाद सुरू करतात. संवाद थोडे असले की पत्त्यांचा हिशेब फसतो, आणि एक तार रखडली की सगळ्या चिप तिची वाट पाहत बसतात. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट या कंपन्यांच्या गटाने म्हणून उलटी दिशा धरली. एकाच संवादाची पॅकेट सगळ्या वाटांवर उधळायची, ती कोणत्याही क्रमाने पोहोचू द्यायची, आणि ती नीट लावायचे काम घेणाऱ्याच्या नेटवर्क कार्डावर सोपवायचे. बेओवुल्फच्या १६ संगणकांनी १९९४ मध्ये पॅकेट पाळीपाळीने टाकली होती, त्याच्या जवळचीच ही पद्धत. फरक एवढाच की तेव्हा घेणाऱ्याच्या कार्डाजवळ क्रम लावण्याची ताकद नव्हती. आता त्या कार्डावरची चिप त्या काळच्या अख्ख्या संगणकाहून कितीतरी वेगवान आहे, आणि आलेले पॅकेट रांगेत न थांबवता थेट स्मृतीतल्या त्याच्या जागी नेऊन ठेवते.